सिमेंट ग्राइंडिंग प्रकल्पाची जनसुनावणी : शेतकरी गटाच्या सभासदांसाठी सूचना

राम राम मंडळी,

भुसावळ तालुक्यातल्या प्रस्तावित सिमेंट ग्राइंडिंग प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालावर बोलायला येत्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता मारुती मंदिराच्या ओट्यावर बसायचं आहे. जनसुनावणीआधीची ही आपली शेवटची बैठक.

इथे चुनखडी भाजायची भट्टी नसेल. क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजून तयार झालेले सिमेंटचे खडे, बाहेरून येईल, त्यात जिप्सम आणि राख मिसळून दळलं जाईल. त्यामुळे खरा प्रश्न धुळीचा आणि ट्रकांचा आहे. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेचा अनुभव आपल्याला आहेच. केळीच्या पानावर धूळ बसली की काय होतं, हे कोणी शिकवायची गरज नाही.

अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात मिळतो. तो वाचूनच या. हवेचे नमुने कोणत्या महिन्यांत आणि कोणत्या गावांत घेतले, ते आधी बघा. पीएम १० म्हणजे हवेतली बारीक धूळ; तिची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे, अहवालातले आकडे या मर्यादेशी ताडून पाहा. क्लिंकर बंद शेडमध्ये राहणार का, धूळ अडवणारा बॅग फिल्टर बंद पडला तर गिरणी थांबणार का, ट्रक कोणत्या रस्त्याने जाणार? माझ्या मते रस्त्याचा मुद्दा सगळ्यात कच्चा आहे. शाळा त्याच रस्त्यावर आहे.

२००६ च्या पर्यावरण प्रभाव मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे लेखी हरकतही चालते. कापूस वेचणीमुळे ज्यांना येता येणार नाही त्यांनी सही करून अर्ज आमच्याकडे द्यावा, पोच आम्ही आणू. सुनावणीचं इतिवृत्त शेवटी मराठीत वाचून दाखवतात, तोवर कोणी उठू नका. बायाबापड्यांनी जरूर यावं, अंगणातली धूळ त्यांनाच झाडावी लागते.