तिला उठवू नकोस

अमळनेर, जि. जळगाव
दि. १४ जून

प्रिय मित्रास,
स. न. वि. वि.

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा तुझा आवाज इतका खचलेला होता, की धीराचे दोन शब्द बोलून मी फोन ठेवला. पण त्यानंतर मलाच झोप लागली नाही. चार वर्षांची तुझी लेक सलग तीन रात्री, झोपल्यावर तास-दीड तासाने किंकाळी फोडून उठून बसते, डोळे टक्क उघडे असूनही तुम्हा दोघांना ओळखत नाही, वहिनींनी जवळ घेतले तर त्यांनाच लाथा मारते आणि सकाळी काहीच न घडल्यासारखी दूध मागते, हे तू सांगत होतास आणि मला दोन वर्षांपूर्वीचे आमचे घर आठवत होते. फोनवर या गोष्टी धड सांगता येत नाहीत, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमच्या मुलाला हा त्रास प्रथम झाला तो वैशाखात, सखाराम महाराजांच्या यात्रेच्या दिवसांत. बोरी नदीच्या पात्रात पाळणे आणि दुकाने लागली होती. एकादशीचा रथ त्याला खांद्यावर बसवून दाखवला, घरी परतायला मध्यरात्र उलटली आणि दुसऱ्या दिवशीही पाहुण्यांच्या गडबडीत त्याची दुपारची झोप बुडाली. त्या रात्री साडेअकराच्या सुमारास तो असा ओरडला, की शेजारच्या घरातले दिवे लागले. अंग घामाने भिजलेले, छाती धडधडत असलेली, नजर भिंतीवर खिळलेली. मी त्याला खांदे धरून हलवले, तोंडावर पाणी मारले, मोठमोठ्याने हाका मारल्या, आणि जे बहुधा पाच-सात मिनिटांत आपोआप शमले असते, ते माझ्या खटपटीने पाऊण तास चालले. हे मी तुला मुद्दाम सांगतो, कारण परवा तूही तिला न्हाणीघरात नेऊन तोंड धुतलेस असे म्हणालास. कृपा करून तसे करू नकोस.

पुढे आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी जे समजावले ते ऐकून माझ्या मनावरचे अर्धे ओझे उतरले. रात्रीच्या पहिल्या तृतीयांश भागात मुले अत्यंत गाढ झोपेत असतात. त्या झोपेतून हलक्या झोपेकडे येताना कधी कधी मेंदूचा काही भाग जागा होतो आणि उरलेला झोपलेलाच राहतो. मूल ओरडते, धावते, हातपाय झाडते. पण जाणीव आणि आठवण जिथे घडते, तो भाग जागा नसतो. म्हणून ते आईलाही ओळखत नाही, आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. वाईट स्वप्नाचे तसे नसते. ते बहुधा पहाटेकडे पडते, मूल पूर्ण जागे होते, काय दिसले ते सांगते आणि आईला बिलगते. त्या वेळी कुशीत घेऊन समजूत घालावी. तुझी लेक मात्र पहिल्या झोपेतच ओरडते आणि तुम्हाला ढकलते, म्हणजे ती घाबरून तुम्हाला बोलावत नाही. ती झोपलेलीच आहे. ते दृश्य तुम्हा आईबापांना आयुष्यभर आठवेल, तिच्या लेखी ते घडलेलेच नाही. मला स्वतःला सर्वांत जास्त धीर याच गोष्टीने दिला.

अशा वेळी करायचे ते फार थोडे असते, आणि तेच जड जाते. मोठा दिवा लावू नये, तिला धरून ठेवू नये, प्रश्न विचारू नयेत. शेजारी बसावे, ती पडणार नाही, आपटणार नाही एवढे पाहावे, हळू आवाजात एखादे नेहमीचे वाक्य म्हणत राहावे आणि शांत झाली की पुन्हा आडवे करावे. सकाळी तिच्यासमोर विषय काढू नये. ‘रात्री तुला काय दिसले गं?’ असे चार माणसांनी विचारले की मूल उगीचच झोपायला भिऊ लागते. आमच्याकडे आठवडाभर हेच झाले.

आता एक गोष्ट मी तुला अगदी हात जोडून सांगतो. उन्हाळ्यात आपल्या खानदेशात घराच्या भिंती रात्री अकरापर्यंत तापलेल्या असतात, म्हणून आपण सारे गच्चीवर अंथरुणे टाकतो. तुमच्या गच्चीचा कठडा एका बाजूने अजून बांधायचा राहिला आहे हे मला ठाऊक आहे. पाऊस लागायला अजून अवकाश आहे आणि तुम्ही वरच झोपत असाल. अशा अवस्थेत मूल पळू शकते, त्याला जिना आणि पोकळी यांतला फरक कळत नाही. आमचा मुलगा एकदा अंथरुणावरून उठून सरळ जिन्याकडे धावला. त्याची आई मध्ये आडवी होती म्हणून वाचला. त्या रात्रीपासून आम्ही खालीच झोपलो. कूलर लावला, वीज गेली की खिडक्या उघडून हाताने पंखा घातला, पण वर गेलो नाही. खालीही पलंगावर न निजवता जमिनीवर गादी घाला, भोवतालचा पाट, विळी, स्टूल बाजूला करा आणि दाराची वरची कडी लावा.

काकूंच्या बोलण्याने तू दुखावला आहेस हेही मला कळले. माझी आईही म्हणाली होती, ‘पोऱ्याले नजर लागनी.’ यात्रेच्या गर्दीत, नदीच्या पात्रात, काहीतरी बाधले असे शेजाऱ्यांचे मत पडले. मी पहिल्यांदा आईवर चिडलो आणि त्याचा आजही मला पस्तावा वाटतो, कारण ती माझ्याइतकीच भेदरलेली होती आणि तिच्या हाताशी तेवढाच उपाय होता. संध्याकाळी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली तर मुलीचे काही बिघडत नाही. काकूंना ते करू दे. मात्र ऐन झोपेत मिरच्यांचा धूर नको आणि तिला कोणा भगताकडे मुळीच नेऊ नका. गाढ झोपेमुळे होणाऱ्या गोष्टीसाठी चार वर्षांच्या मुलीला अनोळखी माणसासमोर अंगारा लावून बसवणे, तिला धमकावणे, यातून जी भीती बसेल ती मात्र खरी असेल आणि ती तिला आठवेल.

काकूंना एक विचारून पाहा. मी आईला विचारले, तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, की मीही लहानपणी रात्री झोपेत उठून गोठ्यात जाऊन उभा राहत असे आणि वडील मला हाताला धरून परत आणत. मला याची यत्किंचितही आठवण नाही. झोपेत चालणे आणि झोपेत किंचाळणे ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत आणि ती रक्तातून येतात. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेऊन २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की आईवडिलांपैकी कोणीही झोपेत चालत नसे त्या मुलांपैकी सुमारे २२ टक्के मुले झोपेत चालली, एकाला ती सवय होती तिथे ४७ टक्के आणि दोघांनाही होती तिथे ६१ टक्के. झोपेतल्या किंकाळ्यांचे प्रमाण त्याच मुलांत दीड वर्षाच्या वयात ३४ टक्के होते, ते तेराव्या वर्षी ५ टक्क्यांवर आले. आईला मी हे आकडे सांगितले नाहीत. ‘माझ्यावरच गेला आहे’ एवढेच म्हटले, आणि त्या दिवसापासून घरात बाधेची चर्चा थांबली.

रक्तात असले तरी ते रोज उफाळत नाही, त्याला निमित्त लागते, आणि सर्वांत मोठे निमित्त म्हणजे अपुरी झोप. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाकाठी १० ते १३ तास झोप हवी. आमचा हिशेब मांडला तेव्हा मला लाज वाटली: रात्री साडेदहाला निजायचा, बालवाडीच्या रिक्षासाठी सहाला उठायचा आणि दुपारची झोप आम्ही ‘आता मोठा झाला’ म्हणून बंद केली होती. साडेसात तास! झोप अपुरी राहिली की पुढच्या रात्री ती अधिक गाढ लागते आणि त्या गाढपणातूनच हा प्रकार उद्भवतो. ताप, नवी जागा, भरलेले मूत्राशय, लग्नाच्या वरातीचा दणदणाट, घरातला ताण, हीही निमित्ते आहेत. तुम्ही गेल्या महिन्यात नव्या घरात राहायला गेलात आणि त्यानंतर तीन लग्ने झाली, हे तूच मला सांगितलेस. तिला साडेआठला निजव, त्याआधी लघवीला ने, टीव्ही आणि मोबाइल तासभर आधी बंद कर आणि दुपारची झोप पुन्हा सुरू कर. आमच्याकडे एवढ्यानेच निम्म्याहून अधिक रात्री शांत गेल्या.

उरलेल्यांसाठी डॉक्टरांनी एक युक्ती सांगितली. आठवडाभर वहीत वेळ टिपायची. आमची वेळ बहुतेक साडेदहा-पावणेअकरा निघाली, कारण तोवर तो नऊला निजू लागला होता. मग रोज त्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटे आधी त्याला हळूच हलवायचे. कूस बदलून काही पुटपुटला की पुरे. हे तीन आठवडे केले. सर्वच मुलांना हा उपाय लागू पडेल असे नाही, पण आमच्या मुलाला पडला.

डॉक्टरांना मात्र एकदा दाखवच. ती घोरते का, तोंड उघडे टाकून झोपते का, हे पाहून ठेव. टॉन्सिल किंवा नाकामागची गाठ वाढून श्वास अडत असेल तर त्यावर उपचार करता येतात. एकाच रात्रीत अनेकदा, अगदी एकसारख्या हालचालींनी असे होत असेल, हातपाय ताठ होत असतील किंवा झटके येत असतील, दिवसाही ती पेंगत असेल, तर वाट पाहू नकोस. मोबाइलवर एका रात्रीचे चित्रण करून ने. आमच्या डॉक्टरांनी आमच्या तासाभराच्या वर्णनापेक्षा त्या दोन मिनिटांवरून अधिक ओळखले.

वहिनींना सांग, की मूल आपल्याला ढकलते हा आईच्या मायेचा पराभव नव्हे. माझ्या पत्नीने ते फार मनाला लावून घेतले होते. ती आज-उद्या त्यांना स्वतः फोन करणार आहे.

येत्या रविवारी मी सकाळच्या एसटीने शिरपूरला येतो. कठड्याच्या कामासाठी गवंडी बघून ठेव, आपण दोघे मिळून ते उरकू. तोवर खाली झोपा आणि वहीत वेळा लिहून ठेव.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, चिमुरडीस अनेक आशीर्वाद.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.

तुझा
बालमित्र