आई-बाबा, हे फोनवर जमलं नसतं

प्रिय आई आणि बाबा,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाहीये. शनिवारी घरी येऊन तुमच्यासमोर बसून वाचून दाखवणार आहे, त्यामुळं आई तू मधेच उठू नकोस, दूध उतू गेलं तर जाऊ दे एक दिवस. फोनवर हे बोलायचा मी चार वेळा प्रयत्न केला पण दोन वाक्यं झाली की तू विचारतेस जेवलीस का, आणि मग विषय भाजीवर जातो. म्हणून लिहायलोय. (पुण्यात ऑफिसात मी आले-गेले म्हणतो, पण तुमच्याशी आलो-गेलोच तोंडात येतं, कोल्हापूरच्या पोरींचं ते काय सुटत नाही बघा.)

मागच्या वर्षी माझी झोप गेली होती, तुम्हाला सांगितलं नव्हतं. कामाचं टेन्शन होतं, रात्री तीन-तीन वाजेपर्यंत छताकडं बघत पडायचो. एका मैत्रिणीनं सांगितलं की झोपायच्या आधी रोज तीन चांगल्या गोष्टी वहीत लिही. मला पटलं नाही, पण मी शोधून वाचलं. अमेरिकेत रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो म्हणून दोन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 2003 साली एक अभ्यास छापला. कॉलेजच्या पोरांचे तीन गट केले, एका गटानं आठवड्यातनं एकदा ज्याबद्दल बरं वाटतं, आभार मानावेसे वाटतात अशा गोष्टी लिहायच्या, दुसऱ्यानं कटकटी लिहायच्या, तिसऱ्यानं नुसतं काय घडलं ते. असं 10 आठवडे. पहिल्या गटातल्यांना आपलं आयुष्य जास्त बरं वाटायला लागलं, दुखण्याखुपण्याच्या तक्रारी कमी झाल्या आणि व्यायामसुद्धा जास्त केला त्यांनी. स्नायूंचा आजार असलेल्या लोकांनी 21 दिवस रोज लिहिलं तर त्यांची झोप सुधारली. हे झोपेचं वाचलं आणि वही आणली.

पहिले पंधरा दिवस काय लिहिलं माहितीये? घर, नोकरी, तब्येत. दुसऱ्या दिवशी परत घर, नोकरी, तब्येत. शाळेतली हजेरी घेतल्यासारखं. मन सगळ्याला सवयीचं होतं ना, रोज तेच म्हटलं की त्यातलं काय पोचतच नाही. मग कळलं की मार्टिन सेलिगमन म्हणून अजून एक मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी जो तीन गोष्टींचा प्रयोग केला त्यात गोष्टीपुढं ‘हे का घडलं’ तेपण लिहायचं होतं, आणि आठवडाभर लिहिलेल्या लोकांना त्याचा फायदा सहा महिन्यांनंतरही दिसत होता. मी पण ‘का’ लिहायला लागलो, आणि तिथंच सगळं बदललं.

म्हणजे बघा, पावसात गाडी पंक्चर झाली आणि मी एकटीनं स्टेपनी बदलली. का जमलं? कारण दहावीच्या सुट्टीत बाबांनी मला उद्यमनगरात नेऊन नट कसा सैल करायचा, जोर कुठं लावायचा ते दाखवलं, आणि शेजारचे कोण काय म्हणतील याची फिकीर केली नाही. दुसऱ्या एका दिवशी खालच्या मजल्यावर मयत झाली आणि मी न विचारता पिठलं-भाकरी करून दिली, त्या बाई माझा हात धरून रडल्या. का केली? कारण गल्लीत कुणाचं काय झालं की आपल्या घरातनं पहिला डबा जायचा. वहीभर हेच व्हायला लागलं, ‘का’ लिहायला गेलो की ते फिरून कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या आपल्या उंबऱ्याशी यायचं.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे मी वहीला सांगतोय, तुम्हाला एकदाबी सांगितलेलं नाही! आपल्यात घरच्यांना कोण थँक्यू म्हणतं, परक्यासारखं वाटतं. पण कृतज्ञता आपल्या घरात नव्हती असं कुठं आहे. बाबा लेथ मशीन चालू करायच्या आधी त्याला हात लावून कपाळाला लावायचे, खंडेनवमीला सगळी हत्यारं पुसून झेंडू वाहायचे. बेंदराला आपल्याकडं शेत नाही की बैल नाही, तरी आई मातीचे बैल आणून त्यांना पोळीचा घास ठेवायचीच. यंत्राला, बैलाला सगळ्यांना म्हणून झालं, माणसांना तेवढं राहिलं.

2019 च्या पुराचं मला अजून आठवतं. पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी कधीच ओलांडली होती, पाणी आपल्या गल्लीत, आणि शिरोलीला हायवेवर पाणी म्हणून मी पुण्यात अडकलो. आई, तुझी शिलाई मशीन गेली. तू फोनवर मशीनसाठी रडलीस, आणि त्याच फोनवर सांगितलंस की तालमीतल्या पोरांनी बाबांना उचलून बाहेर काढलं, कुठल्या तर गावातनं भाकऱ्या आल्यात, अजून गरम हायेत. दोन्ही सांगितलंस. मला तेच खरं वाटतं. कायकाय लोक कृतज्ञ राहा, कृतज्ञ राहा म्हणत समोरच्याचं दुखणं गप्प करतात, ते मला अजिबात पटत नाही. तुझा गुडघा दुखतोय तर दुखतोय म्हण आई, देवानं एवढं दिलंय कशाला कुरकुर करू असं म्हणून डॉक्टरकडं जायचं टाळू नकोस.

सेलिगमन यांच्याच प्रयोगात अजून एक होतं, ज्याचे आभार कधी मानले नाहीत त्याला पत्र लिहून स्वतः नेऊन द्यायचं. लोकांना महिनाभर बरं वाटत होतं त्यानं. मला भीती होती की बाबा अवघडतील. पण 2018 साली अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन संशोधकांनी नेमकं हेच तपासलं, पत्र लिहिणाऱ्याला वाटतं समोरचा अवघडेल, प्रत्यक्षात तो तेवढा अवघडत नाही, आणि लिहिणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त खूश होतो. ते वाचून धीर आला.

तर बाबा, कामावरनं येऊन काळे हात धुवायच्या आधी माझी वही बघायचा, वहीला डाग पडू नये म्हणून मला पानं उलटायला सांगायचा, त्याबद्दल थँक्यू. आई, मी इंजिनिअरिंगला जाताना तू पाटल्या मोडल्यास आणि मला सांगितलंस की सैल झाल्या होत्या. मला तेव्हाच कळलं होतं. थँक्यू.

वाचून झालं. आता बाबा, ‘बरं बरं’ म्हणून पेपर उघडू नका, चप्पल घाला. गंगावेशला कट्ट्यावर दूध प्यायला जाऊ तिघंजणं, रिक्षा करू म्हणजे आईच्या गुडघ्याला त्रास नाही, आणि पैसे मी देणार आहे.

तुमची,
बाळी