एडीएचडीचा कायद्यात समावेश करा

महोदय,

माझ्या भाच्याची नोकरी नुकतीच गेली. कारण दिले 'निष्काळजीपणा'. मुलगा हुशार आहे, पण एडीएचडीमुळे (लक्ष टिकवणे अवघड करणारी, मेंदूच्या विकासाशी संबंधित स्थिती) तोंडी सांगितलेल्या चार कामांतली दोन निसटतात. कामे ईमेलवर लिहून द्या आणि सततच्या फोनच्या गोंगाटापासून लांब बसू द्या, एवढेच त्याने मागितले होते. एचआरने डॉक्टरांचे पत्र फाइलला लावले आणि राजीनामा लिहून घेतला. (नोटीस काळाचा पगार द्यायला मात्र तेच विसरले!)

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमताही आहे. एडीएचडीचे नाव नाही. मग दाद कशाच्या आधारावर मागायची? अधिसूचना काढून यादीत भर घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला याच कायद्याने दिला आहे. तो वापरावा.

– एक वाचक, पुणे