बोट लागते ती आदल्या रात्रीपासून

संपादक महोदय,

पश्चिम किनाऱ्यावरची पावसाळी मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला जातो आणि दसरा-दिवाळीपर्यंत पाणी निवळले की मुंबई-पुणे-कोल्हापूरकडची मंडळी गळ टाकून मासे गरवायला म्हणून कोकणात उतरतात. आता घरगुती निवासवालेही गळाच्या मासेमारीची अर्ध्या दिवसाची सहल देतात. पहाटे चारला उठून, पैसे मोजून, हौसेने आलेल्या या माणसांपैकी कितीतरी जण पहिल्या तासाभरात बोट लागून फळीवर आडवे होतात आणि किनारा येईपर्यंत उठत नाहीत. 'ज्याला लागते त्याला लागते' म्हणून हे सोडून दिले जाते, याचे फार वाईट वाटते, कारण बहुतेकांच्या बाबतीत हे टळण्यासारखे असते. फक्त त्याची तयारी आदल्या रात्री करावी लागते आणि नेमके हेच पाहुण्यांना कोणी सांगत नाही.

आधी एक गैरसमज. 'मी मुंबईहून मांडव्याच्या बोटीने नेहमी जातो, मला काही होत नाही,' असे लोक सांगतात. चालती बोट आणि थांबलेली बोट यांत फार फरक आहे. चालती बोट लाट कापत जाते, वारा तोंडावर येतो, नजर पुढे असते. गरवायला गेलेली बोट मात्र खडपापाशी, म्हणजे पाण्यातल्या खडकांपाशी, नांगर टाकते. ती प्रवाहाकडे तोंड करून उभी राहते, लाट मात्र भलत्याच बाजूने येते, मग बोट एकाच वेळी वर-खाली होते आणि आडवीही डुलते. इंजिन नुसते चालू ठेवलेले असेल तर डिझेलचा धूर तिथेच घुटमळतो. त्यात कापलेल्या बांगड्याचा वास. आणि माणसे काय करत असतात, तर मान खाली घालून गरीच्या (गळाच्या आकड्याच्या) नेढ्यात तंगूस (नायलॉनची दोरी) ओवत असतात. बोट लागायला याहून जास्त काही लागत नाही.

कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते. तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके कसे फिरले ते सांगतात आणि सूक्ष्म खड्यांच्या दोन पिशव्या शरीर वर गेले की खाली, ते सांगतात. मान खाली घालून गरी बांधताना डोळे म्हणतात, 'सगळे स्थिर आहे', कान म्हणतो, 'आपण मीटरभर खाली गेलो'. हा मेळ बसला नाही की मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळू लागते. साधारण पाच सेकंदांनी एक असा वर-खाली झोका सर्वात त्रासदायक असतो. दोन-दोन सेकंदांचे धक्के हाडे खिळखिळी करतात, पण मळमळ तेवढी आणत नाहीत. बारा-चौदा सेकंदांनी येणारी लांबची संथ लाट तेवढ्याच उंचीची असली तरी अलगद उचलते आणि अलगद ठेवते. म्हणून समुद्राचा अंदाज बघताना नुसती लाटेची उंची बघून भागत नाही. हैदराबादचे 'इन्कॉइस' हे समुद्राचा अंदाज देणारे सरकारी केंद्र रोज किनारपट्टीसाठी लाटेच्या उंचीबरोबर दोन लाटांमधला कालावधीही देते. मीटरभर लाट आणि बारा सेकंद हा दिवस लहान बोटीवर नवख्याला झेपेल. दीड मीटर आणि पाच-सहा सेकंद असेल तर पाहुण्यांना घेऊन जाऊच नये, हे आमचे स्पष्ट मत आहे.

वेळेचेही तसेच. पहाटे मतलई वारा जमिनीकडून वाहतो, किनाऱ्याजवळ पाणी दबलेले असते. अकरा-बाराच्या सुमाराला समुद्राकडून खारा वारा उठला की पाणी फुटायला लागते. पाच-साडेपाचला निघून दुपारच्या आत परतणे हे बोट न लागण्यासाठीसुद्धा शहाणपणाचे. 'आरामात नऊला निघू' म्हणणारे पाहुणे बारा वाजता नको त्या पाण्यात नांगर टाकून बसलेले असतात.

आता गोळीबद्दल. सर्वात जास्त चूक इथेच होते. जेटीवर उभे राहून, किंवा त्याहून वाईट म्हणजे मळमळ सुरू झाल्यावर, गोळी घेतली जाते. मळमळ सुरू झाली की जठराचे पुढे ढकलण्याचे काम मंदावते, गोळी तिथेच पडून राहते आणि पहिल्या उलटीबरोबर बाहेर येते. मग 'गोळीचा काही उपयोग होत नाही' असा प्रचार होतो. आपल्याकडे अ‍ॅव्होमिन या नावाने सर्वांना माहीत असलेली प्रोमेथाझिनची २५ मिलिग्रॅमची गोळी पहाटेच्या सहलीसाठी आदल्या रात्री झोपताना घेतलेली चांगली. तिची गुंगीही बरीचशी झोपेत निघून जाते. मेक्लिझिन २५ मिलिग्रॅम किमान तासभर आधी, सिनारिझिन दोन तास आधी. यातली कोणती आणि किती, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, दमा, फिट्स, कंपवात, गर्भारपण किंवा झोपेची औषधे चालू असतील तर विचारल्याशिवाय घेऊच नये. दोन वर्षांखालच्या मुलांना प्रोमेथाझिन देत नाहीत. तान्ह्या मुलांना बोट सहसा लागतही नाही, सर्वाधिक त्रास दोन ते बारा वर्षांच्या मुलांना होतो आणि त्यांचा डोस बालरोगतज्ज्ञांनीच सांगावा.

या सगळ्या गोळ्यांनी कमी-जास्त झोप येते. म्हणून सहलीच्या आठ-दहा दिवस आधी सुट्टीच्या दिवशी घरी एक गोळी घेऊन बघावी. जो माणूस गोळीने पेंगतो त्याने कठड्याशी उभे राहून गळ धरणे धोक्याचे आहे, आणि त्याने परत आल्यावर घाटातून गाडी चालवू नये हेही ओघाने आलेच. गोळीवर दारू तर अजिबात नाही, आदल्या रात्रीसुद्धा नाही.

घरात असलेली उलटीची कुठलीही गोळी इथे चालत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. ऑनडॅनसेट्रॉन इतर उलट्यांवर उत्तम, पण बोट लागू नये म्हणून ते उपयोगाचे नाही. डॉमपेरिडोनचेही तेच. सर्दीची सेटिरिझिन त्याच जातकुळीतली म्हणून काही जण घेतात, तिनेही काही साधत नाही.

आल्याचा गुण काही जणांना नक्की येतो. सुंठपूड साधारण एक ग्रॅम, म्हणजे सपाट अर्धा चमचा, निघण्याच्या अर्धा-एक तास आधी गुळाबरोबर घ्यावी आणि खिशात आलेपाकाच्या वड्या ठेवाव्यात. लिंबू हुंगणे, आवळासुपारी चघळणे याने तोंडाला चव येते, लाळ सुटणे सुसह्य होते, एवढेच. मनगटावरच्या पट्ट्यांबद्दल खात्रीने काही सांगता येत नाही. अपाय मात्र नाही, ज्यांचा विश्वास आहे त्यांनी बांधाव्यात.

पोट रिकामे ठेवले की उलटी होणार नाही, हा दुसरा मोठा गैरसमज. रिकाम्या पोटी पित्त वर येते, कोरडे उमासे येतात आणि ते जास्त थकवतात. कोकणातली पेज यासाठी बनली असावी इतकी ती योग्य आहे. निघण्याच्या तास-दीड तास आधी वाटीभर मीठ घातलेली पेज, नाहीतर दोन इडल्या, नाहीतर अर्धी भाकरी आणि एक केळे. मिसळ, वडापाव, भजी आणि कपावर कप चहा नको. बोटीवर दर अर्ध्या तासाने चार कोरडी बिस्किटे किंवा चुरमुरे आणि दोन-तीन घोट पाणी. आदल्या रात्री मालवणी ताटावर ताव मारून, गप्पा मारत एक वाजता झोपलेला माणूस पहाटे बोटीवर चढतो तेव्हाच त्याची अर्धी बोट लागलेली असते. किमान सहा तास झोप झालीच पाहिजे.

सगळे बारीक काम जमिनीवर करून घ्यावे, यावर आमचा सर्वात जास्त भर आहे. प्रत्येकी पाच-सहा गऱ्या शिशासकट आदल्या संध्याकाळी बांधून थर्माकोलच्या तुकड्यावर गुंडाळून ठेवाव्यात. एक गरी खडपात अडकून तुटली की दुसरी अर्ध्या मिनिटात जोडता येते, मान घालून पाच मिनिटे गाठ मारत बसावे लागत नाही. आमिषही घरीच कापावे: बांगड्याचे बोटभर तुकडे, सोललेली कोळंबी, झाकणाच्या डब्यात बर्फावर. डबा वारा येतो त्या बाजूला ठेवू नये, नाहीतर सगळ्या बोटीला वास पुरवला जातो.

बोटीवर जागा मधली आणि खालची. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, बसायला सगळ्यांना आवडते, फोटोही छान येतात, पण तिथे झोका सर्वात मोठा असतो. मागे इंजिनाचा धूर असतो. मध्यावर, पुढे तोंड करून, नजर क्षितिजावर किंवा किनाऱ्यावरच्या एखाद्या डोंगरावर. गळ हातात असतानाही पाण्याकडे टक लावायचे कारण नाही. तंगूस तर्जनीवर घेतली की मासा आमिष टोचतोय ते बोटाला कळते, डोळे मोकळे राहतात. बसून कंबर मोडण्यापेक्षा गुडघे किंचित सैल सोडून, एका हाताने आधार धरून उभे राहणे बरे. मोबाइल खिशात. केबिनमध्ये जाऊ नये. टोपी हवीच, उन्हाने तापलेले डोके मळमळ वाढवते.

आता लक्षणे. बोट एकदम लागत नाही, ती आधी सांगते. झोप झालेली असूनही एकामागून एक जांभया, ढेकरा, तोंडात पाणी सुटणे, कपाळावर गार घाम, बडबड्या माणसाचे अचानक गप्प होणे, ओठ पांढरे पडणे. या पहिल्या दहा मिनिटांत हालचाल केली तर निभावते. गळ खाली ठेवावा, लाज न बाळगता तांडेलला (बोट चालवणाऱ्याला) सांगावे. तांडेलने अशा माणसाला सुकाणूजवळ, आपल्या शेजारी, पुढे बघत उभे करावे. पुढची लाट दिसत असली की शरीर आधीच सावरून घेते, म्हणूनच सुकाणू धरणाऱ्याला सहसा त्रास होत नाही. शक्य असेल तर नांगर उचलून पंधरा-वीस मिनिटे बोट सावकाश चालवावी आणि मागे आमिष ओढत न्यावे. सुरमई लागली तर लागली, पोट मात्र नक्की बसते.

तरीही उलटी आलीच तर वारा ज्या बाजूने बाहेर जातो त्या बाजूला, लाइफ जॅकेट अंगात असताना आणि दुसऱ्या माणसाने मागून जॅकेटचा पट्टा धरलेला असताना. बोट लागून सहसा कोणी मरत नाही, पण गळून गेलेला माणूस कठड्यावर ओणवा होऊन पाण्यात जाऊ शकतो. बादली जवळ असेल तर ती केव्हाही चांगली. प्लास्टिकची पिशवी वापरली तर ती समुद्रात जाता कामा नये. उलटीनंतर दहा-पंधरा मिनिटे काही देऊ नये. मग लिटरभर पाण्यात विरघळवलेल्या ओआरएसचा दर पाच मिनिटांनी एक-एक घोट. माणसाला बोटीच्या मध्यावर सावलीत, डोळे मिटून उताणे झोपवावे. तासन्‌तास पाणी पोटात ठरत नसेल, लघवी होत नसेल, माणूस असंबद्ध बोलू लागला असेल तर गळ गुंडाळून सरळ बंदर गाठावे. आणि छातीत दुखणे किंवा एका बाजूला डोके ठणकणे याला बोट लागणे समजू नये.

जमिनीवर आल्यावर रात्री अंथरूण डुलल्यासारखे वाटते, त्याने घाबरू नये. बहुतेकांचे एक-दोन दिवसांत थांबते.

सहली नेणाऱ्या बांधवांना कळकळीची विनंती आहे. बुकिंगच्या वेळी पैसे आणि वेळ सांगता तसा आदल्या दुपारी एक निरोप पाठवा: दारू नको, डॉक्टरांना विचारून गोळी आज रात्री, झोप सहा तास, सकाळी पेज. बोटीवर दोन बादल्या, ओआरएसची चार पाकिटे आणि ताडपत्रीची सावली ठेवा. आणि कोणाला फारच लागली तर परत यायचे की नाही, हे निघण्यापूर्वी जेटीवरच सगळ्यांच्या संमतीने ठरवा. सहा जणांनी पैसे भरलेले असतात, एकाच्या पायी परत फिरायला पाच जण कुरकुरतात, आणि तो बिचारा चार तास 'मी ठीक आहे' म्हणत पडून राहतो. हे पाहवत नाही.

आपल्याकडेही एक मागणे आहे. कोकण आवृत्तीत भरती-ओहोटीच्या वेळा आपण रोज छापता. त्यांच्याखाली 'लाट १.२ मीटर, कालावधी ९ सेकंद' अशी एक ओळ दुसऱ्या दिवसाच्या आकड्यांनिशी छापलीत, तर पाहुण्याला आदल्या सकाळीच चहा पिता पिता ठरवता येईल की उद्या बोटीवर चढायचे, की बंदराच्या धक्क्यावर बसून गरवायचे.

आपला,
एक वाचक, मालवण