आमच्या अंगणवाडीच्या मदतनीस मावशींस

ती. मावशींस,
साष्टांग नमस्कार.

समोर उभं राहून आभार मानायला गेले तर तुम्ही "आगं, गप की" म्हणून विषय बदलणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून लिहिते आहे, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे. गावात अंगणवाडीचा विषय निघाला की सेविकाबाईंचं नाव निघतं, आशाताईंचं निघतं, नर्सबाईंचं निघतं, आणि ते निघायलाच पाहिजे. पण मदतनीस म्हटलं की "पोरं गोळा करून आणणारी, खिचडी शिजवणारी" एवढ्यावर लोक थांबतात. माझ्या चिमीसाठी तुम्ही काय काय केलंत ते त्या लोकांच्या कानावर जाऊ दे.

गेल्या पावसाळ्यातला तो आठवडा मी विसरणार नाही. कासारी नदी पात्राबाहेर पडली होती, यवलूजचा बंधारा कधीच पाण्याखाली गेला होता. कोल्हापुरातल्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी मोबाईलवर सारखी येत होती. ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका, हे आपल्याकडं शाळेत न जाणाऱ्या पोरालाही पाठ असतं. केर्लीजवळ रस्त्यावर पाणी आलं आणि हे शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीच्या पाळीला गेलेले, ते तिकडंच अडकले. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी गडहिंग्लजला. घरात मी, वयानं थकलेले मामंजी, गोठ्यात दोन म्हशी, आणि नुकती दोन वर्षांची झालेली चिमी. नेमके तेव्हाच तिला जुलाब लागले. रात्रभर एकामागून एक. पहाटे तर काखेतून खाली उतरायला तयार नाही, तोंड एवढंसं झालेलं.

अंगणवाडी बंद होती. तुमची त्या दिवशी ड्युटी नव्हती, कुणी तुम्हाला बोलावलंही नव्हतं. सकाळी दूध संस्थेत माझी किटली आली नाही, हे तुमच्या ध्यानात आलं. बाकीच्यांनी म्हटलं असेल, पाऊस आहे, आली नसेल. तुम्ही मात्र प्लास्टिकच्या कागदाची खोळ डोक्यावर घेऊन चिखल तुडवत दारात आलात आणि पहिला शब्द काय, तर "लेकरू बरं हाय न्हवं?"

पुढचं सगळं तुम्ही किती शांतपणे केलंत! आशाताई ओढ्याच्या पलीकडं राहायच्या, तिकडून येणं शक्य नव्हतं. तुम्ही त्यांना फोन लावलात, मग उपकेंद्राच्या सिस्टरना लावलात आणि फोन स्पीकरवर ठेवून माझ्या हातात दिलात. सिस्टर एकेक विचारत गेल्या. शी मध्ये रक्त दिसतंय का, लघवी होते का, पाणी दिलं तर पिते का, डोळे खोल गेलेत का, अंग गरम आहे का. यातलं काही बिघडलं तर घरी थांबायचं नाही, लगेच आरोग्य केंद्रात आणायचं, असं त्यांनी बजावलं. हे ऐकून मी हबकलेच, कारण आणायचं कसं? तुम्ही तेवढ्यात बाहेर जाऊन तरुण मंडळाच्या पोरांना सांगून आला होतात. ट्रॅक्टर डिझेल भरून चौकात उभा होता. तो लागला नाही. पण तो तिथं उभा आहे एवढ्यानंच माझ्या अंगात बळ आलं.

ओआरएसची पुडी आणि झिंकच्या गोळ्या तुम्ही अंगणवाडी उघडून आणल्यात. उकळून गार केलेलं पाणी मोजून एक लिटर, त्यात अख्खी पुडी, अर्धी नाही. आज कालवलेलं उद्या वापरायचं नाही. एवढं पुडीवर वाचून मला माहीत होतं, पण रडणाऱ्या पोरीच्या पोटात ते घालायचं कसं, हे कुठल्या पुडीवर लिहिलेलं नसतं. तुम्ही तिला मांडीवर आडवी न घेता बसवून घेतलंत, चमचा ओठाला नुसता टेकवलात आणि थांबलात. तिनं जीभ बाहेर काढली. मग एक चमचा. मग परत थांबलात. मधे तिनं उलटी केली तेव्हा मी रडायला लागले. तुम्ही म्हणालात, "कशाला रडाय लागलीयास? धा मिनटं दम खा, मग परत दे, आनि जरा सावकाश दे." तसंच केलं आणि राहिलं पोटात. दर जुलाबानंतर अर्धी वाटी, असं दुपारपर्यंत तुम्हीच पाजलंत. मी तेवढ्यात म्हशींची धार काढली, शेण काढलं, मामंजींना भाकरी दिली. संध्याकाळी चिमीनं फ्रॉक ओला केला आणि आपण दोघी हसलो. एरवी चिडचिड होते त्या गोष्टीचा एवढा आनंद!

दोनतीन दिवसांत जुलाब थांबले. झिंकची गोळी मात्र १४ दिवस द्यायची असते, थांबले म्हणून सोडायची नाही. हे घरोघर सांगतात, पण विचारायला परत कोण येतं? पोरांना न्यायला येताना तुम्ही रोज दारातनं हाक मारायचात, "गोळी दिलीस काय गं?"

आजारपण गेलं, पण पोरगी खायची बंद झाली. अंगणवाडीत वजन केलं तर ९ किलोला जेमतेम टेकलेली. दोन वर्षांच्या मुलीचं वजन त्याखाली गेलं की वाढीच्या तक्त्यावरची रेघ पिवळ्या पट्ट्यात जाते. दंडाचा घेर मोजायची पट्टी हिरव्यात होती, म्हणून बाईंनी धीर दिला, पण रेघ वर चढेना हे मला दिसत होतं. शेजारणी एकेक सांगायच्या, नजर लागली असेल, मीठमोहऱ्या ओवाळ, जोतिबाला जाऊन ये. जोतिबाला आम्ही गेलोच होतो, जावळ तिथंच काढलंय. तुम्ही कुणाचंच खोडून काढलं नाहीत. फक्त म्हणालात, "उद्या साडेअकराला तिला घेऊन माझ्याकडं ये."

तीन वर्षांच्या आतल्या पोरांचा आहार घरी मिळतो, वर्गात बसायचं तीन पुरी झाल्यावर. नियमानं चिमीची तिथं जागाच नव्हती. बाईंना विचारून तुम्ही तिला दाराशी, मोठ्या पोरांच्या पंगतीच्या टोकाला पाटावर बसवलंत. समोर छोटी ताटली, त्यात दोन घास मऊ खिचडी. मी भरवायला हात पुढं केला, तर तुम्ही मनगट धरलंत. चिमी आधी नुसती बघत बसली. शेजारचा पोरगा बोटं चाटत होता, त्याच्याकडं बघितलं, मग ताटलीत पंजा घातला. निम्मी खिचडी गुडघ्यावर, थोडी कानाला, उरलेली तोंडात. मी पदरानं पुसायला वाकले, तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मला रोज आठवतं. "सांडू दे गं. सांडलेलं मी झाडतो."

आणि खरंच झाडलंत. पोरं गेल्यावर, भांडी घासून झाल्यावर, त्या दारातली वाळलेली शितं खरवडताना मी तुम्हाला बघितलंय.

घरातही तुमच्यामुळं बरंच बदललं. पोराचं पोट लहान, एका वेळी मोठ्या माणसासारखं जेवणार नाही, दिवसातनं पाचदा थोडं थोडं द्यावं. तिची वाटी वेगळी ठेवावी, म्हणजे किती गेलं ते कळतं. वरणाचं पाणी नको, घट्ट वरण, वर चमचाभर तूप. शेंगदाणा अख्खा कधीच नाही, घशात अडकतो, कूट करून घालायचा. अंगणवाडीतनं घरी मिळणारं पाकिटातलं पीठ ती तोंडात घेईना, तेव्हा त्यात गूळ घालून धिरडं कसं काढायचं ते तुम्ही आमच्या चुलीपुढं बसून दाखवलंत. गूळ तर आपल्याकडं घरचाच.

सासूबाई परत आल्यावर मला धाकधूक होती. नातीला आपल्या ताटातलं भरवायचं, ही त्यांची हौस. सुनेनं वेगळ्या वाटीचं सांगितलं असतं तर वाईट वाटलं असतं. तुम्ही त्यांच्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारत बसलात आणि उठता उठता म्हणालात, "वैनी, नातीची वाटी तुमच्याच हातानं भरत जावा, तुमच्या हाताचं जातंय तिला." त्या दिवसापासनं ती वाटी सासूबाईंच्या ताब्यात आहे. कुणी हात लावलेला त्यांना चालत नाही. माणसाचा मान राखून काम करून घेणं मी तुमच्याकडनं बघते आहे, अजून शिकते आहे.

भांगलणीच्या दिवसांत मी उसात असताना चिमी मामंजींचा डोळा चुकवून रस्त्यावर आली, तेव्हाही तिला उचलून आणणाऱ्या तुम्हीच. त्याबद्दल तुम्ही मला सांगितलंही नाहीत, दुकानदारानं सांगितलं. आणि हे एकट्या चिमीपुरतं नाही. आमच्या गल्लीत कुठलं पोर दोन दिवस दिसलं नाही, कुणाच्या आईला ताप आहे, कुणाचा बाप ऊसतोडीच्या गाडीबरोबर गेलाय, हे तुमच्या डोक्यात असतं. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून चालू आहे. मदतनीसाच्या कामात झाडलोट, पाणी, आहार आणि पोरं आणणं-पोचवणं येतं. किटली दिसली नाही म्हणून पावसात चालत येणं त्यात कुठंच येत नाही. ते तुम्ही तुमच्या मनानं केलंत. त्याची भरपाई माझ्याच्यानं होणार नाही, पण ते मला कळलंय, एवढं तुम्हाला कळावं.

आता चिमीची रेघ चांगली हिरव्यात आहे. स्वतःच्या हातानं जेवते, दुसऱ्यानं घास पुढं केला तर तोंड फिरवते. "माशी, माशी" करत तुमच्या मागं फिरते, ते तुम्हाला माहीतच आहे. जूनमध्ये तिला तीन पुरी होतील. जन्माचा दाखला आणि आधार मी काढून ठेवलंय, आता रीतसर नाव घालायला येते.

एक मागणं आहे. या बेंदराला आमच्याकडं जेवायला या. पुरणपोळी आहे, कटाची आमटी आहे. डबा भरून दे म्हणाल तर चालणार नाही. पाटावर बसायचं आणि सावकाश जेवायचं. वाढायला मी आहे, भांडीही मीच घासणार. सासूबाईंनीही आवर्जून सांगितलंय.

तुमची,
चिमीची आई