निसर्गदृश्यपटांच्या खेळाबाबत सभासदांना सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सायंकाळी सहा वाजता पैठण येथील नेहमीच्या सभागृहात इलेक्ट्रॉनिक संगीतावर बेतलेले निसर्गदृश्यपट दाखविले जातील. १९६७ साली बर्लिनमध्ये स्थापन झालेल्या टँजरीन ड्रीम या गटाने ग्रँड कॅन्यनच्या दृश्यांना दिलेले संगीत हा त्यातील मुख्य भाग असून, सिंथेसायझरचे खर्जातले लांबलेले स्वर कुजबुजीतही हरवतात, म्हणून खेळ चालू असताना पूर्ण शांतता राखावी.

जे सभासद नाथसागरावर स्वतः चित्रण करणार आहेत, त्यांनी ध्यानात घ्यावे की, दर दहा सेकंदांनी एक छायाचित्र घेऊन ती छायाचित्रे जोडून चलचित्र केले, तर सेकंदाला २४ चौकटींच्या (म्हणजे छायाचित्रांच्या) गतीने एका मिनिटाच्या दृश्यासाठी १,४४० छायाचित्रे, म्हणजेच सलग चार तास लागतात. जलाशयावरचा वारा तिपाईला हादरे देतो व तेवढ्याने पाण्याची कड पडद्यावर थरथरते. त्यासाठी तिपाईच्या मधल्या दांड्याला वाळूची पिशवी अवश्य टांगावी. हिवाळ्यात उतरलेल्या पाहुण्या पक्ष्यांच्या जवळ जाऊ नये, दृश्य हुकले तरी चालेल. संगीत स्वतः रचलेले किंवा रीतसर परवानगी घेतलेलेच वापरावे. तयार चित्रफिती शुक्रवारपर्यंत कार्यवाहांकडे द्याव्यात.

— कार्यवाह