'सुसज्ज' म्हणजे कशाने?

मा. संपादक, स. न. वि. वि.

'मान्सूनपूर्व तयारी पूर्ण, आरोग्य यंत्रणा सुसज्ज' ही आपल्या जिल्हा पानावरची बातमी वाचली. फोटोत फीत, चार साहेब आणि मागे नवीकोरी रुग्णवाहिका. यवतमाळ जिल्ह्यात आधी उपकेंद्रावर आणि मग प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिकेची नोकरी करून मी निवृत्त झाले आहे. म्हणून विचारते, सुसज्ज म्हणजे कशाने? बातमीत ते कुठेच नाही.

दवाखान्याच्या साठा नोंदवहीत हा शब्द मी कधी लिहिला नाही. तिथे माल असला की 'उपलब्ध', संपला की 'निरंक' आणि दोन्हींच्या मध्ये 'मागणी केली आहे'. या मधल्या शेऱ्यात अख्खा पावसाळा निघून जाऊ शकतो. बरं, 'उपलब्ध' म्हणजे हाताशी, असंही नाही. औषध कपाटात, कपाटाची किल्ली औषधनिर्मात्याकडे आणि औषधनिर्माते तालुक्याला मीटिंगला, तरी नोंदवहीत ते 'उपलब्ध'च.

गावातल्या बाया याबाबतीत काटेकोर असतात. वर्षाची तुरीची डाळ भरली तर ती बेगमी. बियाण्याच्या पैशासाठी नवरा सोसायटीपासून सोयऱ्यांपर्यंत हिंडतो ती जुळवाजुळव. पावसाळ्याची तयारी झाली का, असं विचारलं की उत्तर येतं, "डाय भरली जी, कुटार झाकलं, इंधन तेवढं रायलं." काय राहिलं तेही त्याच दमात सांगून टाकतात.

साप चावल्याचंच घ्या. जूनपासून वावरात माणसं उतरली की आमच्याकडे हे रुग्ण येऊ लागतात. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. लस म्हणतो खरं, पण ते विषावरचं औषध आहे, आधी टोचून ठेवायचं नाही. कुपीत पावडर असते. ती पाण्यात हळूहळू फिरवत विरघळवायची, जोरात हलवली की फेस होतो. सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या लागतात. म्हणजे दोन कुप्या असलेलं केंद्र कागदावर 'उपलब्ध' आणि रुग्णासाठी जवळपास रिकामं. शिवाय या औषधाची काहींना जोरात रिअ‍ॅक्शन येते, म्हणून अ‍ॅड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून जवळ हवं. नाग-मण्यारच्या विषाने श्वास थांबायला लागला तर तोंडावर धरून हवा द्यायची पिशवी हवी, आणि ती दाबता येणारं माणूस हवं.

घोणस चावली की रक्त गोठत नाही. ते ओळखायला कुठलंही मोठं मशीन लागत नाही. शिरेतून दोन मिली रक्त काढायचं, काचेच्या कोरड्या स्वच्छ नळीत घालायचं, वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही आणि मग तिरपी करून पाहायचं. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर लस सुरू. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. साबणाने धुतलेली असेल तरी निकाल चुकू शकतो. ही नळी काही रुपयांना मिळते. तिची फीत कापायला कोणी येत नाही, म्हणून ती फोटोतही येत नाही. ऐन वेळी ती शोधण्यासाठी एकामागून एक ड्रॉवर उघडताना मी पाहिले आहेत, तेही भिंतीवर 'सुसज्ज प्रयोगशाळा' असं रंगवलेलं असताना.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. मग आमच्या केंद्रातली नळी आणि कुप्या कोणीतरी मोजायलाच हव्यात.

फवारणीच्या किटचंही तेच. २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्यानंतर 'संरक्षक किटचे वाटप' हा मथळा नेमाने येतो. डोक्याइतक्या वाढलेल्या पऱ्हाटीत, दमट उकाड्यात तो मास्क आणि ते हातमोजे घालून मजूर किती वेळ फवारू शकतो, हे कोणी त्याला विचारल्याचं मी तरी वाचलं नाही.

आपल्या वार्ताहराला मी दोष देत नाही. प्रेसनोट तशीच येते आणि पान रात्री लवकर लावायचं असतं. 'जय्यत तयारी' लग्नाला, यात्रेला खुशाल छापा, कोणाचं काही बिघडत नाही. दवाखान्याच्या बातमीत मात्र चार प्रश्न विचारून घ्या. लसीच्या कुप्या किती आणि मुदत कोणत्या महिन्यापर्यंत? अ‍ॅड्रेनॅलिन आहे का? काचेची नळी आहे का? रात्री दोन वाजता दार कोण उघडणार? हा शेवटचा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो. सामान मोजून होतं, माणसांची रिक्त पदं मोजायची राहतात.

मृग लागायच्या आत तालुक्यातल्या प्रत्येक केंद्राची अशी चौकट छापता आली तर पाहा. 'आहे' आणि 'नाही' असे दोन रकाने पुरेत. माहिती मिळाली नाही तर तेही केंद्राच्या नावापुढे छापा.

एक निवृत्त परिचारिका,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ
(नाव-पत्ता कळवला आहे, छापू नये ही विनंती.)